‘तुम्ही सांगाल तसं करतो’ : एका टँकरचालकाच्या समुपदेशनाचा प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातले दूध रात्री प्रवास करते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर जमा झालेले दूध शीतकरण केंद्रात थंड होते, टँकरमध्ये भरले जाते आणि अंधार पडल्यावर मुंबईच्या वाटेला लागते. टँकर रिकामा करून चालक परत फिरतो, तोवर त्याची झोप दिवसाच्या कुठल्यातरी तुकड्यात ढकलली गेलेली असते. या कामात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका चालकाच्या समुपदेशनाचा हा वृत्तांत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि काही प्रसंग याच स्वरूपाच्या इतर प्रकरणांतून घेऊन येथे एकत्र गुंफले आहेत.

रिकामा टँकर घेऊन परतताना, घाट उतरून सपाटीला लागल्यावर, डावीकडून पुढे निघालेली एक दुचाकी त्यांच्यासमोर घसरली आणि तिच्यावरचा तरुण जागीच गेला. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्याचा गुन्हा नोंदवला गेला, जामीन झाला आणि खटला उभा राहिला. त्यानंतर काही महिने त्यांनी गाडीला हात लावला नाही. झोप लागली की तेच दृश्य डोळ्यांसमोर येई. मागून दुचाकीचा आवाज आला की अंगाला घाम फुटे आणि हात मुठी आवळून घट्ट होत. गावातून जाणारा रस्ता टाळून ते बांधावरून चालत. घरातल्या बोलण्यात ते नसल्यासारखे असत. झोपेसाठी रोज रात्री क्वार्टर घेण्याची सवय लागली होती. मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर त्याची आठवण आणि भीती पिच्छा सोडत नाही अशा आजाराचे, निदान केले, औषध सुरू केले आणि बोलण्याच्या उपचारासाठी त्यांना माझ्याकडे पाठवले.

पहिल्या भेटीला त्यांच्यासोबत पत्नी आणि मेहुणा आले होते. आपल्याकडे बहुतेक वेळा समुपदेशनाच्या खोलीत एकटा माणूस येत नाही, घर येते, आणि घरातल्या प्रत्येकाची अपेक्षा निराळी असते. मेहुण्याचे म्हणणे असे की दाजींनी पुन्हा स्टिअरिंग धरले पाहिजे, कारण घराच्या बांधकामाचे हप्ते थकले आहेत. पत्नीला आधी दारू सुटायला हवी होती. स्वतः त्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते खाली बघत म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांगाल तसं करतो.’

सहयोगी पद्धतीने, म्हणजे उपचाराची दिशा क्लायंटसोबत मिळून ठरवत, काम करणाऱ्या समुपदेशकाची खरी परीक्षा या वाक्यापाशी सुरू होते, असे माझे मत आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारातील सहकार्याची तीन अंगे मांडली. ध्येय कोणते यावर एकमत, त्यासाठी कोणते काम करायचे यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध, अशी ती तीन अंगे होत. त्यांचा अर्थ समजायला सोपा आहे. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर मालक सांगेल ती फेरी, सुपरवायझर सांगेल ती वेळ आणि पोलीस सांगेल ती बाजू अशा क्रमाने दिवस काढले, त्याला एकदम ‘तुम्हाला काय हवे आहे ते तुम्हीच ठरवा’ म्हणणे हे स्वातंत्र्य देणे ठरत नाही. त्याला ते अंग काढून घेणे वाटते. डॉक्टरकडे गेल्यावर डॉक्टर सांगतो आणि गुरुजींकडे गेल्यावर गुरुजी सांगतात; मग पैसे देऊन आलेल्या माणसाला ही बाई उलट प्रश्न का विचारते, असे त्याच्या मनात आल्यास त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून सहभाग किती मागायचा, हेसुद्धा समोरच्या माणसाच्या मापाने ठरवावे लागते, आणि सुरुवातीला तो थोडाच मागावा लागतो.

त्या दिवशी मी त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. पहिली वाट झोपेपासून सुरू होणारी होती. दुसरी रस्त्यावरच्या भीतीपासून. दोन्हींत काय करावे लागेल, किती काळ लागू शकतो आणि कोणत्या गोष्टीचा त्रास होईल, हे साध्या शब्दांत सांगितले आणि मला पहिली वाट आधी घ्यावीशी वाटते, कारण झोपेशिवाय दुसरीसाठी बळ येणार नाही, हेही सांगून टाकले. आपले मत लपवून ठेवून क्लायंटला निवड करायला लावणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि ‘झोप’ म्हणाले. मग बायकोकडे बघून पुढे म्हणाले, ‘गाडीचं आत्ता काढू नका.’ त्यांनी स्वतःहून घातलेली ती पहिली अट होती. मेहुण्याला ती रुचली नाही. गाडी चालवायची की नाही हा प्रश्न आपण रद्द केलेला नाही, काही आठवड्यांनी सर्वांच्या समोर पुन्हा घेऊ, असे ठरवून तो तात्पुरता बाजूला ठेवला आणि तसे कागदावर लिहून तिघांना वाचून दाखवले.

जीव द्यावा असे विचार येतात का, हा प्रश्न मी त्यांना एकट्याला, आडपडदा न ठेवता विचारला. ‘त्याच्या जागी मी गेलो असतो तर बरं झालं असतं, असं येतं मनात,’ असे उत्तर मिळाले. तसे करण्याची काही योजना वा तयारी नव्हती. तरीही रात्री कोणाला उठवायचे, शेतीची औषधे कोणी कुलपात ठेवायची आणि कोणीच जवळ नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन कसा करायचा, हे त्यांच्या संमतीने पत्नीला बोलावून तिच्यासमोर ठरवले. या एका बाबतीत मी त्यांना पर्याय दिले नाहीत. जिवाचा प्रश्न असतो तिथे समुपदेशकाने ठामपणे पुढे व्हायचे असते, आणि सहयोगाच्या नावाखाली तिथे मागे राहणे गैर आहे.

दारूबद्दल बोलणे त्यांना आधी नको होते. दारूच्या सवयीतला धोका मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट ही चाचणी आम्ही एकत्र बसून भरली, आणि धोका किती आहे हे त्यांनी स्वतःच्या उत्तरांवरून पाहिले. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटेची झोप तुटते आणि स्वप्ने वाढतात, हा भाग त्यांना अनुभवातून लगेच पटला. दारू अचानक बंद केल्यास शरीराला होणाऱ्या त्रासाची शक्यता लक्षात घेऊन ती कमी करण्याचा क्रम मनोविकारतज्ज्ञांनी ठरवून दिला.

सुरुवातीच्या भेटींत मी त्यांना डोळे मिटून श्वासावर लक्ष देण्याचा सराव शिकवला. हा सराव बहुतेकांना मानवतो. प्रत्येक भेटीच्या शेवटी मी चार रेघांचा एक छोटा अभिप्राय घेते. स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली ही पद्धत आहे. ऐकून घेतल्यासारखे वाटले का, हव्या त्या विषयावर बोलणे झाले का, पद्धत जुळली का आणि एकूण भेट कशी झाली, या चार बाबींसाठी दहा-दहा सेंटीमीटरच्या रेघेवर खूण करायची असते. हे गृहस्थ प्रत्येक रेघेच्या अगदी उजव्या टोकाला खूण करत. आपल्याकडे मॅडमना कमी गुण देणे हा उद्धटपणा मानला जातो, त्यामुळे अशा पूर्ण गुणांवरून मला काहीच कळत नाही. म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, ‘दादा, आजच्या बोलण्यातलं काय गाळलं असतं तरी चाललं असतं?’ प्रश्न असा विचारला की त्यात कोणाला नापास करावे लागत नाही. ते लगेच म्हणाले, ‘ते डोळे मिटायचं. डोळे मिटले की तोच दिसतो.’

मग डोळे उघडे ठेवून करता येईल असे काय, याचा शोध आम्ही मिळून घेतला आणि उत्तर त्यांच्याकडेच सापडले. तरुणपणी ते कराडहून चिपळूणला मालाचा ट्रक नेत असत. त्या रस्त्यावरची गावे क्रमाने आठवत जायचे, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाटातली वळणे, पोफळी, चिपळूण, आणि प्रत्येक ठिकाणी कोणता गिअर आणि डाव्या हाताला काय, हे मनात सांगायचे. अपघात झालेला रस्ता यात कुठे येत नव्हता. छातीत धडधड सुरू झाली की पाटणपर्यंत पोचेतो ती उतरते, असे त्यांनी पुढच्या वेळी सांगितले. लक्ष वर्तमानात आणि सुरक्षित तपशिलात रोवण्याचे तत्त्व पुस्तकातले आहे. परंतु त्या तत्त्वाला हा रस्ता कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता.

नोंदवहीचेही तसेच झाले. प्रसंग, विचार, भावना आणि त्यांची तीव्रता अशा रकान्यांचा तक्ता घरी भरून आणायला सांगणे ही विचार-वर्तन उपचारातील नेहमीची पद्धत. आठवी शिकलेल्या आणि वर्षानुवर्षे फक्त सही करणाऱ्या हाताला तो तक्ता परीक्षेच्या पेपरासारखा वाटला आणि कोरा परत आला. पण त्यांच्या हाताला एक लेखन पक्के ठाऊक होते, ते गाडीच्या लॉगबुकचे. वेळ, ठिकाण, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, डिझेल, शेरा. आम्ही एक जुनी लॉगबुकची वही घेतली आणि रकाने तसेच ठेवून अर्थ बदलले. किलोमीटरच्या जागी भीती सुरू झाली तेव्हा दहापैकी किती आणि उतरली तेव्हा किती, डिझेलच्या जागी आदल्या रात्रीची झोप तासांत, आणि शेऱ्यात एकच ओळ. त्या वहीत एकही दिवस रिकामा राहिला नाही. ‘सायं. 6.40, डेअरीच्या कोपऱ्यावर, 8, 3, झोप 5, पोरगा बुलेट घेऊन गेला’ अशा नोंदींमधून मला जे दिसले ते तासभराच्या प्रश्नांतूनही हाती लागले नसते.

त्यानंतर खरी अडचण आली. आघातावरच्या काही प्रभावी पद्धतींमध्ये घडलेली घटना सविस्तर, पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण टाळत राहिल्याने भीती टिकून राहते. मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच स्पष्ट नकार दिला. अशा नकाराला ‘टाळणे हे लक्षणच आहे’ असे म्हणून हळूहळू पुढे रेटण्याची एक व्यावसायिक सवय असते, आणि अनेकदा ते बरोबरही असते. मी कारण विचारले. बराच वेळ ते टेबलावरच्या माझ्या फाइलकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘हे तुम्ही लिहून ठेवणार ना? वकिलांनी सांगितलंय, कुठं काही बोलायचं नाही.’

त्यांना आठवणीची भीती होतीच, परंतु नकार त्या भीतीचा नव्हता, खटल्याचा होता. ज्या माणसाचा घडल्या प्रसंगावरचा प्रत्येक शब्द उद्या न्यायालयात तपासला जाऊ शकतो, त्याने तो शब्द जपून ठेवणे हा विकार नसून शहाणपण आहे. यावर त्यांना खरे उत्तर देणे माझे कर्तव्य होते, आणि खरे उत्तर दिलासा देणारे नव्हते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने गोपनीयतेचा अधिकार दिलेला आहे, पण त्याला अपवाद आहेत. आणि वकिलाशी केलेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाशी केलेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने माझ्या नोंदी मागवल्या तर मला त्या नाकारता येतीलच असे नाही. हे सगळे मी त्यांना सांगितले. माझी फाइल त्यांच्यासमोर उघडली आणि तिच्यात काय लिहिते ते वाचून दाखवले: लक्षणे, झोप, जोखमीचा आढावा, ठरलेले काम. उपचारासाठी लागते तेवढेच लिहायचे हा माझा नियम आधीपासूनचा आहे, आणि एकदा लिहिलेले मी खोडणार वा बदलणार नाही, हेही त्यांना स्वच्छ कळवले. पुढे काय बोलायचे हे ठरवण्यापूर्वी त्यांनी वकिलांशी बोलून यावे असे सुचवले, आणि ते बोलून आले.

घटना न सांगता आघातावर काम करता येते का? मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेल्या बोधनिक प्रक्रिया उपचारात, म्हणजे आघातानंतर मनात बसलेले विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीत, सुरुवातीला घटनेचे लेखी कथन हा एक भाग होता. 2008 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते कथन वगळून फक्त विचारांवर काम केलेल्या गटालाही चांगला फायदा झाल्याचे दिसले. त्या अभ्यासातील सहभागी व्यक्ती हिंसाचार सोसलेल्या स्त्रिया होत्या, टँकरचालक नव्हते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. तरीही एक आधार मिळाला. क्लायंटच्या मापाने उपचार बेतायचा म्हणजे मनाला येईल ते करायचे नव्हे. कोणता भाग काढला तरी उपचार उभा राहतो आणि कोणता काढला की कोसळतो, याची माहिती समुपदेशकाजवळ असावी लागते. ती नसेल तर लवचिकता ही केवळ सैलपणा होते.

घटनेचे वर्णन बाजूला ठेवून आम्ही घटनेनंतर मनात रुतून बसलेल्या विचारांकडे वळलो. सर्वांत खोलवर रुतलेला विचार होता, ‘माझ्या हातून माणूस गेला, म्हणजे माझा हात आता गाडीच्या लायकीचा राहिला नाही.’ यावर ‘तुमची काही चूक नव्हती’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला तसे म्हणण्याचा अधिकार नव्हता, कारण ते मला ठाऊक नव्हते आणि ते ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. मी त्यांना गाडी थांबण्याचे शास्त्र शिकवायला सांगितले. साठच्या वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडण्याआधीच तेवढे अंतर सरलेले असते, हे गणित आम्ही मिळून मांडले. भरलेला आणि रिकामा टँकर ब्रेक लागल्यावर कसे वेगळे वागतात, हे त्यांनी पेन आणि पाण्याचा पेला घेऊन मला दाखवले. त्या तासात शिकवणारे ते होते आणि शिकणारी मी. नंतर मी विचारले की तुमच्या हाताखाली तयार झालेल्या एखाद्या नव्या चालकावर अशी वेळ आली, तर त्याच्या हाताबद्दल तुम्ही काय म्हणाल. उत्तर त्या दिवशी आले नाही. पुढच्या भेटीत लॉगबुकच्या शेऱ्यात एक ओळ होती: ‘पोराला बाजूला बसवून दिवसाची गाडी दिली असती.’

आपण त्या रात्री थकलेले होतो का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर मला दिले नाही. मीही मागितले नाही. अपराधभाव संपूर्ण पुसून टाकणे हे उपचाराचे ध्येय आम्ही कधी ठरवलेच नव्हते. त्यांना तो वाजवी मापाचा हवा होता, आणि ते माप त्यांचे त्यांनाच ठरवायचे होते.

भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची उतरंड मी तयार केली तेव्हा सर्वांत वर घाट ठेवला होता. त्यांनी तो उचलून खाली आणला. ‘घाटात सगळं ध्यान गिअरवर असतं, तिथं भीती शिरायला जागा नाही. सपाटीला, रात्री, डावीकडून आवाज आला की जीव जातो.’ त्यामुळे पायऱ्या नव्याने मांडल्या: उभ्या टँकरच्या केबिनमध्ये बसणे, दिवसा मित्राशेजारी बसून जाणे, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसणे, मग रात्री रस्त्याकडेला उभे राहून जाणाऱ्या दुचाकी ऐकणे. शेवटची पायरी त्यांनी पत्नीला सोबत घेऊन केली. ती काही बोलत नव्हती, फक्त शेजारी उभी होती आणि दर वेळी भीती दहापैकी किती ते वहीत लिहीत होती. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत परिणामकारक काम त्या रस्त्याकडेला झाले, माझ्या खोलीत नाही.

बाजूला ठेवलेला गाडीचा प्रश्न ठरल्याप्रमाणे सर्वांसमोर पुन्हा आला. तोवर झोप बरीच सुधारली होती, दारू सुटली होती आणि आघातोत्तर तणावाची लक्षणे मोजणाऱ्या, वीस प्रश्नांच्या पीसीएल-5 या मापनश्रेणीवरचा त्यांचा गुणांक विकाराची शक्यता दाखवणाऱ्या पातळीच्या खाली आला होता. मेहुण्याला यावरून वाटले की आता मुंबईची फेरी सुरू व्हायला हरकत नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की रात्रीची गाडी ते घेणार नाहीत. पहाटे आणि संध्याकाळी गावोगावचे दूध शीतकरण केंद्रावर आणणारी छोटी गाडी चालवतील. पैसे कमी मिळणार होते. हप्त्यांचा हिशेब तिथेच मांडला गेला, पत्नीने दोन म्हशी वाढवण्याचा विषय काढला आणि मेहुणा काही वेळ गप्प बसून मग वित्तसंस्थेशी बोलायला तयार झाला. रात्रीच्या गाडीला दिलेला नकार हा उरलेला आजार मानायचा की निर्णय, असा प्रश्न पर्यवेक्षणाच्या, म्हणजे समुपदेशकांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या, बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारला. या गृहस्थांना रात्रीच्या रस्त्यावरच्या भीतीला सामोरे जाता आले होते, आणि त्यानंतर त्यांनी रात्रीची गाडी नको म्हटले, म्हणून मी त्याला निर्णय मानते.

एक गोष्ट अपुरी राहिली आहे. गेलेल्या तरुणाच्या आईवडिलांना भेटावे असे त्यांना फार वाटते. खटला चालू असेतो तसे करू नये असा वकिलांचा सल्ला आहे, आणि त्या घराला ही भेट हवी आहे की नाही हेही कोणाला ठाऊक नाही. त्यांना काय म्हणायचे आहे ते आम्ही एका भेटीत फक्त तोंडी बोललो, लिहिले नाही.

नियमित भेटी आता थांबल्या आहेत. पुन्हा कधी यायचे याच्या खुणा त्यांनी स्वतः लॉगबुकच्या शेवटच्या पानावर लिहिल्या आहेत: सलग तीन रात्री झोप चार तासांखाली, बाटलीची आठवण, किंवा बांधावरून चालावेसे वाटणे. न्यायालयाच्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात फोनवर बोलायचे ठरले आहे, आणि त्या तारखा त्यांच्या पत्नीने मला कळवायच्या आहेत.